पिकअपचे दोन जादा पाटे

उन्हाळ्यात मांजरा नदी आटली की आमच्या गावासमोर वाळूचं मैदान व्हायचं. एका कडेला पाण्याची धार, बाकी सगळी वाळू. त्या वाळूत खड्डे करून, खत घालून आम्ही टरबुजं लावायचो. माल बैलगाडीतून काठावर आणायचा आणि तिथून पुढं न्यायचा. मग नवऱ्याने जहिराबादकडून एक जुनी पिकअप आणली. पुढं दोघं बसायची जागा, मागं उघडा हौदा. म्हणाला, "आता बैलांची कटकट संपली."

कटकट संपली नाही, बदलली. हौदा भरला की गाडीचं मागचं अंग खाली बसायचं आणि तोंड वर व्हायचं. मागची चाकं वाळूत रुतायची. मग टरबुजं उतरवा, फळ्या घाला, ढकला, पुन्हा भरा. दोन्ही वेळा उचलणाऱ्या आम्ही बायकाच होतो, म्हणून मला त्यात गंमत वाटत नव्हती.

शेवटी गाडी बीदरला एका मिस्त्रीकडे नेली. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. त्याने गाडीखाली डोकं घातलं, मागच्या चाकांवर स्प्रिंग म्हणून एकावर एक रचलेल्या लोखंडी पाट्यांच्या थप्पीवर हातोडी वाजवली आणि बाहेर येऊन मला सांगितलं, "भाभी, ये पट्टे बुढ्ढे हो गए. ट्रकके दो पट्टे और डालतूं. हत्ती बैठा तो बी नहीं झुकती."

"गाडी कडक नाही का होणार?" मी विचारलं.

"कडक होना हीच तो होना!" तो म्हणाला.

सासऱ्यांचंही तेच मत. त्यांनी जन्मभर बैलगाडी हाकली होती. "बैलगाडीला कुठं पाटे असतेत? वझ्याची गाडी दगडावानी पायजे." नवऱ्याने मान डोलावली. ट्रकचे जुने पाटे कापून बेताचे केले, दोन्ही बाजूंच्या थप्पीत घातले, लांब बोल्ट आवळले. गाडी मागून चांगली वीतभर उंच झाली. गावात आली तेव्हा उतारावर उभ्या असलेल्या म्हशीसारखी दिसत होती, पण लोक कौतुकाने बघून गेले.

पहिल्या खेपेला गच्च भरलेली गाडी वाळूतून न थांबता निघाली. नवरा काठावर उतरला आणि उगाच चाकांभोवती फिरून आला. त्या दिवशी एकही टरबूज फुटलं नाही.

पुढच्या खेपेला माल थोडा होता, हौदा अर्धाही भरला नव्हता. संतपूरच्या बाजारात पोचलो तर निम्मी टरबुजं फुटलेली. हौद्यातून लाल पाणी गळत होतं आणि मागं कुत्री लागली होती.

मला वाटलं, खाली पेंढा कमी पडला. पुढच्या खेपेला पेंढा दुप्पट घातला. गाडीही गच्च भरली. काही फुटलं नाही. म्हणजे पेंढ्याचंच होतं, असं ठरलं. त्याच्या पुढच्या वेळी पेंढा तेवढाच, माल कमी, पुन्हा चिखल. नवरा म्हणाला, संतपूरचा रस्ता खराब. कमलनगरला नेली. तिथंही तेच. सासरे म्हणाले, दृष्ट लागली. उस्ताद म्हणाला, चालवणाऱ्याचा पाय जड आहे. नवरा आठवडाभर उस्तादचं नाव काढू देत नव्हता.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती उलटी वाटत होती. जास्त भरलं की माल शाबूत, कमी भरलं की फुटतो. असं कसं? जास्त माल म्हणजे जास्त दाब, जास्त चेंगराचेंगरी. मी आईच्या घरी, सासरी, शेतात, कुठंही असं होताना बघितलं नव्हतं.

हा घोळ टरबुजांचाच असता तर मी सोडून दिला असता. पण त्याच वर्षी नणंद बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची आधीची दोन्ही पोरं पोटातच गेली होती, दिवस भरायच्या आत. बीदरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं: आठवा लागला की घेऊन या, दवाखान्यातच राहू दे, आणि येताना गचका बसू देऊ नका.

आठवा लागला आणि एका सकाळी तिची कंबर भरून आली. पोट मधेच घट्ट व्हायला लागलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. मी म्हटलं, "आजच निघायचं."

कशातून? पुलावरून जाणारा रस्ता लांबचा आणि खणून ठेवलेला. नदी ओलांडली की पलीकडे बीदरचा मुरमाचा रस्ता लागायचा, पण तिथून जाणाऱ्या बसमध्ये उभं राहायलाही जागा नसायची. बैलगाडीला पाटेच नाहीत. राहिली पिकअप.

मी नवऱ्याला म्हटलं, "आधी मला मागं बसवून गावाबाहेर एक चक्कर मारा." पाण्याने भरलेली कळशी मांडीवर घेऊन मी हौद्यात बसले. ओढ्याच्या वळणापर्यंत कळशी अर्धी झाली होती, माझं लुगडं भिजलं होतं आणि जीभ चावली गेली होती. रिकामी गाडी चालत नव्हती, उडत होती.

"कशी हाय?" नवऱ्याने खिडकीतून विचारलं.

"टरबुजं कामून फुटली ते कळलं," मी म्हटलं. खरं तर काहीच कळलं नव्हतं. एवढंच दिसत होतं की गाडीला वजन हवं होतं. रिकामी गाडी वैरी, भरलेली गाडी सोयरी.

तो म्हणाला, पाटे काढू. त्याला दिवस गेला असता, आणि उस्ताद बीदरमध्ये. मी म्हटलं, वाळूची पोती भरू. तो म्हणाला, "वाळूत वाळू भरून न्यायची? मधेच रुतली तर तिला घिऊन बसायचं का नदीत?" तेही खरं. टरबुजं भरली तर ती तिच्या अंगावर घरंगळणार.

तोवर दारात माणसं जमली होती. आमच्याकडे कुणाला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की न सांगता माणसं येतात. बीदरला जायचं तर एकजण पेशंटसाठी येतो, दुसरा कचेरीतलं काम उरकायला, तिसरीला मुलीला भेटायचं असतं. जीपवाले त्यांना शिव्या देत घेतात. डॉक्टर त्यांना हाकलून देतात. मीही एरवी दारातच निम्म्यांना परतवलं असतं. त्या दिवशी मी मोजमाप घेतल्यासारखं त्यांच्याकडे बघितलं. जाड कोण, बारीक कोण.

"सगळे चला," मी म्हटलं.

कुणाचा विश्वास बसेना. शेजारची अक्का म्हणाली, "मी बी?"

"तू तर आधी."

रिकामी पिकअप नवऱ्याने आधी एकट्याने वाळूतून पलीकडे नेली. नणंदेला बाजेवर झोपवलं आणि माणसांनी बाज खांद्यावर घेतली. वाळूत पाय रुतत होते, पण माणसाचा पाय हळू रुततो आणि हळू निघतो. चिंताकीचे पाहुणे, म्हणजे नणंदेचा नवरा, बाजेच्या कडेने छत्री धरून चालत होते आणि दर दहा पावलांना विचारत होते, "बरं हाय का?" शेवटी तीच म्हणाली, "इचारू नका, बरं हाय."

पलीकडच्या काठावर हौद्यात पेंढा, त्यावर गोधड्या, त्यावर ती. मग मी माणसं बसवायला लागले. जड माणसं मागच्या चाकांच्या वर, बारीक पुढं. अक्का मधोमध. पाहुण्यांना मी मागच्या फळकुटाला टेकवलं. ते जावई, त्यांना पुढं नवऱ्याशेजारी बसायचं होतं.

"वैनी, मी पाव्हणा हाव," ते म्हणाले.

"आज न्हाई. आज तुमी वजन हाव."

गाडी निघाली. मी नणंदेच्या उशाशी बसून तिच्या पोटावर हात ठेवला होता. गाडी खड्ड्यात गेली, वर आली, पण आता वजनाखाली पाटे लवत होते, दणका नव्हता. जड माणूस खुर्चीतून उठताना कुरकुरतो तसा पाट्यांचा आवाज यायचा. प्रत्येक खड्ड्याला सगळे एकदम श्वास धरायचे.

फाट्यावर एकाला उतरायचं होतं. त्याची तिथल्या दुकानदाराशी गाठ ठरलेली होती.

"उतरायचं न्हाई," मी म्हटलं.

"अवो, पाच मिंटाचं काम."

"बीदरात उतरा. परत येताना करा."

"मला कोंडून ठिवायलात का?"

"व्हय."

अक्काने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. तो बीदर येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसला. मला चाललं; माझ्या हाताखाली नणंदेचं पोट ढिलं पडत चाललं होतं.

दवाखान्याच्या फाटकात आम्ही सगळे उतरलो तेव्हा तिथली नर्स कन्नडमध्ये ओरडली, इतकी माणसं कशाला आणलीत म्हणून. मी तिला कन्नडमध्येच सांगितलं की ही माणसं पाहुणी नाहीत, गाडीत वजन म्हणून घातली आहेत. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू पेशंट मीच आहे. डॉक्टरीणबाईंनी नणंदेच्या पोटाला नळी लावली. त्या ऐकत होत्या तेवढा वेळ पाहुणे दाराशी छत्री उघडी ठेवूनच उभे होते. मग बाई म्हणाल्या, "ठीक आहे. ठोके चांगले आहेत. बाळंतपण होईपर्यंत इथंच ठेवा."

आमची माणसं बाहेर झाडाखाली आपापली कारणं सांगायला लागली होती. अक्का म्हणे, तिने वाटभर नवस बोलला. नवरा म्हणे, त्याने हळू चालवली. पाहुणे म्हणे, बाज खांद्यावरून आणली, तेच कामाला आलं. मला विचारलं तर मी म्हटलं, ठाऊक नाही. कंबर कशाने भरून आली, पोट कशाने ढिलं झालं, गचक्याने खरंच काही होतं की नाही, हे मी नंतर डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्याही म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही.

मी तिच्याजवळ दवाखान्यातच राहिले. दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली. नर्सने पोरीला उलटी धरून पाठीवर चापट मारली, आणि ती इतकी जोरात रडली की नणंद घाबरून म्हणाली, "वैनी, हिला काय झालं?"

"काही झालं न्हाई," मी म्हटलं. "रडायलीय."