चिखलातलं चाक आणि वीतभर फट

मागच्या बुधवारी दुपारी डॉक्टर मॅडमची जीप परभणीत आमच्या गॅरेजसमोर येऊन थांबली, आणि जळक्या क्लचचा वास गाडीच्या आधी आत आला. पप्पा बावीस वर्षं याच पत्र्याखाली गाड्या खोलतात. मी घरातली पहिली पदवीधर, मेकॅनिकलची... गेल्या वर्षीपासून त्यांच्या शेजारी उभी राहते.

मॅडम जनावरांच्या डॉक्टर. ताडकळसच्या बाजूला लोक शेतातच घर-गोठा बांधून आखाड्यावर राहतात, तिथे त्या स्वतः गाडी चालवत जातात. शेतांमधल्या कच्च्या पांदणीतून जाता यावं म्हणून त्यांनी जीप उंच करून घेतली, मोठे टायर टाकले... आणि तेव्हापासून गाडीने लोड घेणंच सोडलं.

महिनाभरापूर्वी एका आखाड्यावर म्हैस अडली होती. जीप अर्ध्या वाटेत बसली. मॅडम चिखल तुडवत पोचल्या तोवर म्हैसही गेली होती आणि पोटातलं रेडकूही.

हे सांगताना त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या की या वेळी जमलं नाही तर गाडी विकून टाकते, ज्याला जमेल त्याने जनावर दवाखान्यात आणावं. अडलेली म्हैस कोण कशी आणणार... हे त्यांनाही माहीत होतं, आम्हालाही.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनाकडून येणारा दांडा बरेच फेरे घेतो तेव्हा चाक एकदा फिरतं. मॅडमच्या गाडीत हे प्रमाण ३.७३ होतं, म्हणजे दांड्याचे जवळपास पावणेचार फेरे आणि चाकाचा एक. चाक मोठं झालं की तेवढ्याच फेऱ्यांत जास्त वाट ओढावी लागते आणि इंजिन थकतं. मग पुढच्या आणि मागच्या, दोन्ही एक्सलमधले क्राऊन-पिनियन, म्हणजे दातेरी चाकांचे जोड, बदलायचे, म्हणजे दांडा जास्त फिरतो आणि चाकाला जोर मिळतो.

मला या कामातला मोजायचा भाग फार आवडतो. गाडी जॅकवर घेतली की पप्पा दांड्यावर खडूने रेघ मारतात. एक चाक ते फिरवतात, एक मी... आणि ती पांढरी रेघ सावकाश खाली जाते, वर येते, पुन्हा खाली जाते. लहान होते तेव्हा ती रेघ बघत मी मनातल्या मनात कुठेतरी निघून जायचे. एका फेऱ्यात किती जमीन मावते, नांदेड किती फेऱ्यांवर असेल, समुद्र किती...

त्या दिवशी मोजून झाल्यावर पप्पा म्हणाले, "कोणतं टाकायचं ते तू सांग."

असं ते पहिल्यांदाच म्हणाले. आजवर मी गणित करायचे, पण ठरवायचे ते. दोन्ही एक्सल खोलून पुन्हा बसवणं म्हणजे काही नट बदलणं नव्हे... चुकलं तर मॅडम दुसऱ्यांदा येणार नव्हत्या.

मी वही काढली. जुनं टायर अठ्ठावीस इंची, नवं बत्तीस. उत्तर आलं ४.२६. मिळणार होते ते दोन, ४.२७ आणि ४.८८. इतकं नेमकं जुळलेलं बघून मी त्या पानावरून हात फिरवला, खोटं कशाला सांगू...

पप्पांनी वही बघितली. एक दोरा घेतला, टायरभोवती गुंडाळला, टोकं भेटली तिथे तोडून खिशात टाकला. मग मॅडमना म्हणाले, नवी क्लच प्लेट टाकून देतो, उद्या तुमच्या त्या पांदणीला एक चक्कर मारू.

दुसऱ्या दिवशी पाऊस नुकताच थांबला होता. आभाळ सोयाबीनला टेकल्यासारखं खाली आलेलं, आणि काळी वाट इतकी मऊ की तिच्यावर झोपावंसं वाटावं. गाडी पन्नास पावलं गेली आणि दम टाकला.

पप्पा उतरले, फळी टाकून जॅक लावला आणि तो दोरा माझ्या हातात दिला. "आता गुंडाळ."

मी गुंडाळला. टोकं भेटेनात. चाकावर माती थापली होती, भाकरीसारखी थरावर थर... आणि दोऱ्याच्या दोन टोकांमध्ये वीतभर फट.

"तुझ्या वहीतलं टायर कोरडं हाय, माय," पप्पा म्हणाले. "आपली जमीन चाकाला चिकटती. मॅडम हे चाक ओढायल्यात."

मी तिथेच, चिखलात उभी राहून, मोबाईलवर पुन्हा गणित केलं. वीतभर घेर म्हणजे साधारण तीन इंच उंची. चाक बत्तीसचं नव्हतंच, पस्तीसचं होतं. उत्तर ४.६६ च्या वर गेलं... माझं ४.२७ याच पांदणीत पुन्हा बसलं असतं.

"४.८८," मी म्हणाले. "पुढे-मागे दोन्ही."

"पक्कं?"

"पक्कं."

मॅडमना आधीच सांगून टाकलं, की आता हायवेला इंजिन ओरडेल आणि वेग कमी मिळेल. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हैस हायवेला व्यायल्याचं मी तरी अजून ऐकलं न्हाई."

काल सकाळी त्यांचा फोटो आला. आखाड्यावरची एक म्हैस, तिच्या पायाशी ओली, उभं राहायला धडपडणारी वगार, आणि मागे जीपचं चाक. खाली एकच शब्द होता, 'पोचले.'

मी धावत जाऊन पप्पांना दाखवला. त्यांनी वगारीकडे पाहिलंच नाही... दोन बोटांनी चाक मोठं केलं आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माती आज तर दीड वीत चढलीय."

तो दोरा मी मागून घेतला. माझ्या डिग्रीच्या फाईलमध्ये ठेवलाय, सर्टिफिकेटच्या शेजारी. वहीत मांडलेलं खरंच असतं... पण त्याला कुठली माती लागणार आहे, हे ज्यांनी न रागावता मला शिकवलं, त्या सातवी शिकलेल्या माणसाचे आभार घरात म्हणायला जमत नाहीत, म्हणून इथे.