तिच्या ओढणीवर जेवलेला कुत्रा
ओल्या रंगाचा वास आला की रोह्याच्या आमच्या प्राण्यांच्या शेल्टरमधला पिवळा कुत्रा आठवतो. हमरापूरच्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात वाढलेला. सीझन संपल्यावर मालक त्याला आमच्या फाटकाला बांधून पळाला. लाज कशी वाटत नाही अशा माणसांना! भेदरून तो अन्नाला तोंड लावेना. असंच चाललं तर जगायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी पिंजऱ्यावर चादर टाकली, शेजारी गप्प बसून राहिले, पण तो कोपरा सोडेना. तेवढ्यात हमरापूरलाच दुसऱ्या कारखान्यात बारा महिने मूर्ती रंगवणारी माझी मैत्रीण कामावरून रंगाच्या हातांनी तशीच आली, पिंजऱ्याच्या उघड्या दाराशी बसली, आणि कुत्रा सरपटत जाऊन तिच्या मांडीत शिरला. माझा जळफळाट झाला. "आधी हात धू, इथे नियम आहेत," मी खेकसले. "नियम त्याला सांग गो! माझ्यासाठी नाय, कारखान्याच्या वासाला आलाय तो," ती हसली. ती उठली तसा तो पुन्हा कोपऱ्यात जाऊन थरथरायला लागला. शेवटी दातओठ खात मीच तिची रंगाने बरबटलेली ओढणी मागितली आणि पिंजऱ्यात अंथरली. त्यावर बसून तो पोटभर भात जेवला. आता तो तिच्याच घरी असतो. मी तिकडे गेले की शेपूट हलवतो, पण तिच्या पायाशी बसूनच, आणि ते मला अजून बघवत नाही.