दोन ओळींची पत्रं

आमच्या घरात दोन लिप्या नांदत होत्या. अप्पा, म्हणजे माझे वडील, निजामाच्या काळात तहसील कचेरीत कारकून होते. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. माझा थोरला भाऊ, दादा, तोही अठ्ठेचाळीस साली पोलिस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य जाईपर्यंत उर्दू शाळेतच होता. मी पाटी हातात धरली ती त्यानंतर, मराठी शाळेत. त्यामुळे बापलेक एकमेकांना उर्दूत लिहायचे आणि मला त्यातलं एक अक्षर लागायचं नाही. उर्दू कानाला कळायची, डोळ्यांना नाही. आईला दोन्ही वाचता येत नव्हत्या, आणि ती जाईपर्यंत तिचं त्यावाचून काही अडलं नाही. माझं मात्र अडायचं. मी लहानपणापासून हेकट, घरात जे आपल्याला कळत नाही ते असावंच कशाला, अशा मताची.

दादा पुढे फौजेत गेला, बिनतारी यंत्रावर. दर आठवड्याला त्याचं चार-पाच पानांचं पत्र यायचं. अप्पांचा मोतीबिंदू वाढत चाललेला, म्हणून वाचायचं काम चाचांकडे. चाचा अप्पांचे कचेरीतले सोबती. दोन गल्ल्या सोडून राहायचे. पोलिस अ‍ॅक्शनच्या दिवसांत त्यांचं बिऱ्हाड काही काळ आमच्या माजघरात लपून होतं, एवढं मला आठवतं. त्याबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत. दिवस कलला की चाचा ओट्यावर बसून खणखणीत आवाजात पत्र वाचत, नवं नसलं तर जुनंच. दादा लिही लांबलचक आणि चावट. स्वयंपाक्याच्या कच्च्या रोट्यांवर त्याचं एक पान खर्ची पडे. अप्पा मध्येच हात वर करत, "हे पुन्हा एकदा वाचा." मग दोघं म्हातारे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

पासष्ट साली सरहद्दीवर लढाई पेटायची लक्षणं दिसू लागली आणि गावाची चालच बदलली. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. मैदानात खंदक खणले, ते पावसानं भरले आणि त्यात बेडूक ओरडू लागले. मुलींना पट्ट्या बांधायला शिकवायचं, खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावायचे. गल्लीत बचाव पथक निघालं आणि मी त्यात हौसेनं नाव दिलं. भोंगा वाजला की दारोदार फिरून कुणाच्या घरातून उजेड दिसतो का ते बघायचं. लोकांना दरडावायला मला मनापासून आवडे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पण उजेड शोधता शोधता लोक दुसरंच शोधू लागले. कुणाकडे कोण पाहुणा आला, कोण गच्चीवर उभा होता, कुणाच्या रेडिओवर कुठलं स्टेशन लागलं होतं. शहागंजात कुणाला तरी हेर म्हणून पकडलं म्हणे, गावाबाहेर गारखेड्याच्या ज्वारीत कुणीतरी छत्रीनं उतरलं म्हणे. यातलं काहीही कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तरी सांगणारे शपथेवर सांगत, आणि ऐकणारे घरी जाऊन दाराला दुहेरी कडी घालत.

एका संध्याकाळी पथकाच्या म्होरक्यानं मला बाजूला घेतलं. किराणा दुकानदार, तसा साधा माणूस. म्हणाला, "बाई, राग मानू नका. तुमच्या ओट्यावर ते म्हातारं रोज काय वाचतंय? फौजेतली पत्रं, तीबी उर्दूत? लोक लई वंगाळ बोलू लागलेत."

त्याला तिथंच ठणकावायला हवं होतं. आमचा माणूस सरहद्दीवर आहे, तुमच्या घरातलं कोण आहे, एवढं विचारलं असतं तरी पुष्कळ होतं. पण माझी सगळी जरब घरच्यांपुरती, नाहीतर खिडकीतल्या उजेडापुरती. मी मान डोलावली, घरी आले आणि अप्पांना न सांगता दादाला पत्र टाकलं. यापुढे उर्दूत एक अक्षर लिहायचं नाही, मराठीत लिही, कारण विचारू नकोस. दुसऱ्या दिवशी चाचा आले, तेव्हा अप्पा आत हातपाय धूत होते. मी दारातच म्हटलं, "चाचा, थोडे दिवस ओट्यावर नका बसू. लोक बोलतायत."

"हौ बेटी. ठीक है," चाचा म्हणाले आणि टेकवलेली काठी उचलून चालू लागले. अप्पा बाहेर आले तेव्हा मी सांगितलं, चाचांना बरं नाही; पुढेही त्यांनी विचारलं की तेच सांगत राहिले.

पुढचं पत्र आलं ते मराठीत. शाळकरी पोरासारखं सुटंसुटं अक्षर, आणि मजकूर दोन ओळींचा. 'मी खुशाल आहे. काळजी नसावी, तब्येतीस जपणे.' मी ते वाचून दाखवलं.

"पुढं?" अप्पांनी विचारलं.

"एवढंच आहे."

त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, बोटं फिरवली. त्यांचा चेहरा उतरला. "मराठीत? हे त्यानं लिहिलेलं नाय," ते म्हणाले. "दुसऱ्याकडून लिहून घेतलंय. त्याच्या हाताला काही झालं का गं?"

इथं मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम. पण ते वाक्य म्हटलं की चाचांचंही सांगावं लागणार, म्होरक्याचंही, आणि मग अप्पा तडक उठून त्याच्या दुकानावर जातील ही धास्ती. मी म्हटलं, "काहीतरीच काय. घाईत असेल."

दुसरं पत्र तसंच. तिसरंही तसंच. तोवर खरी लढाई सुरू झाली होती. अप्पा दिवसभर रेडिओपाशी बसत. बातम्या संपल्या की आपला उजवा हात डाव्या हातात धरून मनगट चोळत राहत. "उजवा गेला असंल," एकदा जेवताना म्हणाले. "डाव्यानं घास कसा खात असंल पोरगं?" मी त्यांच्यावरच खेकसले, "अप्पा, अभद्र बोलू नका हो!" ते ताटावरून उठले. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती, तरी मी बोलले नाही. लढाई संपू दे, दादा घरी येऊ दे, मग हसत हसत सांगू, असं मी मनाशी धरून बसले.

लढाई थांबली. गुलमंडीच्या चौकात पेढे वाटले, काचांवरचे काळे कागद मी स्वतः खरवडून काढले. आठवड्याच्या आतच तार आली. लढाई थांबायच्या दोन दिवस आधीच दादा गेला होता.

घर माणसांनी भरलं. म्होरक्या आला, ओक्साबोक्शी रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. चाचा मात्र गल्लीच्या पलीकडच्या कडेला काठी टेकून उभे राहिले. ओटा चढले नाहीत. मी त्यांना पाहिलं आणि आत गेले.

दिवाळी सरल्यावर दादाची पत्र्याची पेटी आली. कपडे, दाढीचं सामान, आणि तळाशी सुतळीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा. सगळे उर्दूत. मी म्हटलं, "अप्पा, दादाचं लिखाण आहे." त्यांना आता नुसती उजेडाची तिरीप दिसत होती. ते म्हणाले, "चाचाला बोलाव."

मी दोन गल्ल्या धावत गेले. चाचा बाजेवर बसले होते. दारात उभं राहून कशी माफी मागायची ते मी वाटेत जुळवलं होतं, पण तोंडातून "दादाची पत्रं" एवढंच आलं. ते उठले, टोपी घातली आणि माझ्यापुढे चालू लागले.

त्याच ओट्यावर बसून त्यांनी पहिला कागद उलगडला. तारीख त्या पहिल्या मराठी पत्राचीच होती. चाचांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता. तरी दादा तोच होता. कच्च्या रोट्या, पाऊस, बंकरात शिरलेला बेडूक. अप्पा पुढे वाकून ऐकत होते. मग चाचा अडखळले. त्यांची नजर ओळींवरून पुढे गेली, माझ्याकडे आली, आणि त्यांनी पान उलटून पुढचं वाचायला घेतलं.

मला कळलं. आता मीही गप्प राहिले असते तर ते कायमचं झाकून गेलं असतं.

"चाचा," मी म्हटलं, "मधलं सोडलंत, ते वाचा."

"जाने दो बेटी."

"वाचा."

त्यांनी वाचलं. दादानं लिहिलं होतं: 'धाकटीनं कळवलंय, उर्दूत लिहू नकोस. तिच्यावर रागावू नका अप्पा. ती घाबरली की हुकूम सोडते. मला मराठीत दोन ओळींपलीकडे लिहिता येत नाही, म्हणून तेवढ्या तुम्हाला पाठवतो आणि बाकीचं इथं लिहून ठेवतो. रजेवर आलो की ओट्यावर बसून मीच वाचीन. तोवर चाचांच्या घशाला विश्रांती.'

मी अप्पांच्या पायांपाशी बसले होते आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारावी असं मला खरोखर वाटत होतं. त्यांनी हात पुढे केला, चाचांच्या हातातला कागद चाचपला, त्यावर तळवा ठेवला.

"म्हणजे हात शाबूत होता त्याचा," ते म्हणाले. मग कागद सोडून मागे टेकले. "वाचा पुढं."