शंकरची गोफण, माझा धोंडा

शंकर गेल्याची बातमी मला किकवीला, बंद पडलेल्या मोटारीत कळली. पेट्रोल लढाईवर गेल्यापासून आमच्या रस्त्यावरची मोटार कोळशावर चालते, म्हणजे बहुतेक वेळ चालत नाही. ड्रायव्हर मागच्या भट्टीत सळई खुपसत होता आणि भोरकडून आलेला एक गाडीवान त्याला सांगत होता, "शंकर मास्तर गेले काल सांजच्याला. ताप डोक्यात गेला म्हनं. लई गर्दी व्हती." माझा वर्गबंधू, वीस-एक वर्षं एकाच शाळेत शेजारच्या वर्गावर शिकवणारा माझा मित्र गेला होता, आणि खरं सांगतो, माझ्या कानात आधी शिरली ती गर्दी. मग बाकीचं हळूहळू आत उतरलं... पण गर्दी आधी.

वाचनालयात शोकसभा झाली तेव्हा लोक खिडक्यांतून डोकावत होते. त्याच दिवाणखान्यात मी एकदा 'पृथ्वीचे वय' या विषयावर बोललो होतो. श्रोत्यांत शिपाई होता, कारण किल्ल्या त्याच्याकडे होत्या, आणि शंकर होता. शेवटी टाळी वाजली ती शंकरची. मेल्यावर तरी माणसाने थोडं मागे राहावं की नाही?

आम्ही दोघे भोरचेच, दोघांचे वडील संस्थानात कारकून. पुण्याला एकाच खोलीवर राहून शिकलो. परीक्षेत माझा वर्ग वरचा आला, हे इथे नमूद करतो, कारण शोकसभेत ते कोणी केलं नाही. परत आल्यावर मला गणित मिळालं आणि त्याला शास्त्र. माझ्या तासाला पोरं फळ्याकडे बघत आणि त्यांचे कान भिंतीला लागलेले असत, कारण भिंतीपलीकडे शंकर ग्रह फिरवत असे. एका पोराला सूर्य करून मधे उभा करायचा, दुसऱ्याला पृथ्वी, तिसऱ्याला मंगळ. आतल्या वाटेने जाणारी पृथ्वी मंगळाला मागे टाकते, त्या वेळी पृथ्वी झालेल्या पोराला मंगळ मागे सरकताना दिसतो. "बघा," तो म्हणायचा, "मंगळ वक्री झाला. चिडलाबिडला काही नाही, आपण पुढे गेलो इतकंच." हे त्याला सुचलं कुठे, तर वेल्ह्याच्या रस्त्यावर. वळणावर आमच्या मोटारीने एका गाडीला मागे टाकलं आणि ती गाडी पलीकडच्या डोंगरापुढे उलटी चालल्यासारखी दिसली. त्याच मोटारीत, त्याच खिडकीशी मीही होतो. मी पिठलं-भाकरी खात होतो.

वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एक दिवस शास्त्रासाठी ठेवायचा असं एका वर्षी ठरलं. विषय, ग्रह कसे फिरतात. वक्ता आमच्या शाळेतला, आणि तो निवडायचा हेडमास्तरांनी. ते व्याख्यान मला हवं होतं. नोकरीत बढती हवी असते तसं नव्हे, तहान लागते तसं. माझी सगळी तयारी झाली होती. जुने ज्योतिषी पृथ्वी मधे ठेवून वर्तुळावर वर्तुळं कशी चढवत गेले, मग पोलंडातल्या एका धर्मपंडिताने सूर्य कसा मधे आणला, मग एका जर्मन गणित्याने वर्तुळ मोडून लांबट वाट कशी काढली आणि सूर्याजवळ आला की ग्रह वेग कसा वाढवतो, हे मी न्हाणीघरात मोठ्याने म्हणत असे. अडायचं शेवटाला. या ग्रहांना फिरवतं कोण? पूर्वी म्हणत देवदूत ढकलतात. त्या जर्मनाला वाटे सूर्यच केरसुणीने झाडल्यासारखा त्यांना पुढे लोटतो. पुढे सफरचंदाच्या गोष्टीतल्या त्या इंग्रजाने काय सांगितलं ते मला पाठ होतं. समजलेलं नव्हतं, पण ते त्या वेळी मला माहीत नव्हतं.

शंकरने एके दुपारी गोफण आणली. त्याची बायको, आमच्या राधावहिनी, वेल्हे खोऱ्यातल्या शेतकरी घरातल्या, लहानपणी पाखरं राखताना वापरलेली त्यांची गोफण सासरी खुंटीला होती. गोफणीचं एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं चिमटीत धरायचं आणि धोंडा डोक्यावर गरगरवून चिमूट सोडायची. आम्ही दोघेही गावातली कारकुनांची पोरं, कधी हातात धरली नव्हती. शंकर म्हणाला, उद्या हेडमास्तरांसमोर हा प्रयोग करू. धोंडा म्हणजे चंद्र, दोरी म्हणजे पृथ्वीची ओढ. हेडमास्तर तेव्हाच समोर होते, ऑफिसच्या व्हरांड्यात पाण्याच्या रांजणाशेजारी खुर्ची टाकून पान जमवत बसले होते. मी मनात म्हटलं, उद्या कशाला?

मी गोफण घेतली, नदीकडे तोंड केलं. पोरांना मागे उभं केलं. मोठ्या आवाजात समजावलं की दोरी सुटली की धोंडा पृथ्वीपासून, म्हणजे माझ्यापासून, लांब, थेट समोर जाणार, तेव्हा माझा हात नीरा नदीच्या अंगाला आला की सोडतो, धोंडा नदीत. शंकर डाव्या हाताला उभा राहून नदीकडेच बघत होता. मी फिरवली, हात नदीकडे आला, सोडली. नदी जागच्या जागी राहिली. धोंडा काटकोनात डावीकडे निघाला, शंकरच्या टोपीला वारा घालून व्हरांड्यात शिरला आणि रांजणाच्या पोटात बसला. हेडमास्तरांचा पानाचा डबा तरंगत पायऱ्या उतरला. उत्रोलीचं एक पोरगं मागून हळूच म्हणालं, "मास्तर, चंद्र ऑफिसात गेला."

हेडमास्तरांनी धोतर पिळलं. मग म्हणाले, "शंकरराव, व्याख्यान तुम्ही द्या. आणि यांना पहिल्या रांगेत बसवा, हात बांधून."

व्याख्यान शंकरने दिलं, आणि काय दिलं. आपल्या जुन्या ज्योतिष्यांनीही पृथ्वी जड वस्तू ओढते असं लिहून ठेवलंय, असं म्हणाला तेव्हा टाळ्या पडल्या. त्या थांबू दिल्या आणि म्हणाला, पण ओढते म्हणणं वेगळं आणि किती ओढते ते मोजणं वेगळं. मग शेवटाला माझा धोंडा काढला. आमच्या एका मित्राने गोफण सोडली, म्हणाला, आणि धोंडा ना आत आला ना बाहेर गेला, ज्या दिशेला चालला होता तिकडेच सरळ निघून गेला. म्हणजे पुढे जायला त्याला कोणी ढकलावं लागत नाही. दोरी फक्त त्याला सरळ जाऊ देत नाही, सारखी आत वळवते. चंद्राचंही तेच. चंद्र सारखा पडतोय. एकाने मागून विचारलं, "मग आपल्या अंगावर का न्हाई पडत?" शंकर म्हणाला, "पडतोय, पण पुढे इतका पळतोय की दर वेळी चुकतोय." सगळा दिवाणखाना हसला आणि सगळा दिवाणखाना 'एका मित्रा'कडे वळून बघू लागला. माझी चूकसुद्धा त्याच्या नावावर गाजली. त्यानंतर वेल्ह्याच्या बाजारात गेलो तरी कोणी ना कोणी विचारायचंच, "काय मास्तर, रांजन बसवला का नवा?"

पुढे मी ईर्ष्येने वाचत सुटलो. तो एक पुस्तक वाचतो म्हटल्यावर मी दोन मागवायचो, आणि स्टाफरूममध्ये त्याला अडवायचो. तो ऐकून घ्यायचा, हसायचा, कधी कधी म्हणायचा, "दत्तू, हे मला माहीत नव्हतं." तो दिवस माझा सणाचा...

परवा वहिनींना भेटायला गेलो. गोफण त्याच खुंटीला होती. मी तिकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा जराशा हसल्या.

"तुमी रांजन फोडला ना भावजी, त्या दिशी हे घरी आले ते गोफण घिऊनच अंगनात हुबं ऱ्हायले. अंधार पडंस्तवर धोंडे मारत व्हते. गोठ्याची कौलं फुटली. म्या इचारलं, आता तुमाला काय झालं? तर म्हनले, दत्तूनं सोडली तवा मलाबी वाटत व्हतं धोंडा नदीतच जानार. त्यानं घाई केली नसती तर उद्या म्याच हेडमास्तरांना भिजवलं असतं."

मी विचारलं, हे त्याने मला कधी का नाही सांगितलं.

"म्या लई डाव म्हनलं, सांगा. तर म्हनायचे, जळतोय तवर वाचतोय. सांगितलं तर थांबंल, मंग म्या कुनाशी बोलू?"

म्हणजे त्या व्याख्यानाचा शेवट माझ्या धोंड्यातून निघाला होता. चंद्र कसा पडतो हे शंकरला माझ्यामुळे कळलं होतं. इतकी वर्षं मी जिची वाट पाहिली ती कबुली मला मिळाली, आणि ती घेऊन ज्याच्या नाकासमोर नाचवायची तो माणूस शिल्लक नव्हता. मरतानाही डाव असा टाकून गेला.

वहिनींनी गोफण मला दिली. आज दुपारी ती घेऊन परसात गेलो. आधी नुसतीच फिरवून पाहिली. रिकामी गोफण फिरते, पण बोटाला ताण कसला तो लागत नाही. मग वाकून एक गोल धोंडा निवडला, खोबणीत बसवला, हात वर केला. सोडायच्या आधी डावीकडे बघायचं, एवढं शास्त्र मला आता पक्कं येतं. बघितलं. तिथे कोणी उभं नव्हतं.