जेल कोणी भरलं?

"शकीलभाई, दार उघडा. मी अंदर हाव. ओ शकीलभाई..."

घसा फाटेस्तोवर ओरडत होतो तो मीच. आणि जाड काचेपलीकडे, दहा पावलांवर, माझ्यासोबत कामाला असलेले शकीलभाई स्टुलावर बसून निवांत चहा पीत होते. कोणाशी तरी हसून बोलत होते. कोणाशी, ते दाराच्या त्या ताटलीएवढ्या काचेतून दिसत नव्हतं.

आधीच सांगून टाकतो — असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या गावी, अनसिंगला, ज्या चिंचेखालून लोक भर दुपारी जात नाहीत, तिच्याखाली मी घोरलोय. थोडं वाढवून सांगायची मला सवय आहे. घरचे म्हणतात, थोडं नाही. पण यात वाढवायला जागाच उरली नाही.

मालेगाव रोडवरच्या एका खाजगी बियाणं तपासणी लॅबमध्ये मी कामाला आहे. कपाशीच्या रोपाचं पान चिरडायचं, त्यातला डीएनए काढायचा, मशीनमध्ये त्याच्या ढीगभर प्रती करायच्या आणि जेलमधून विजेवर पळवायच्या. जेल म्हणजे तुरुंग नव्हे... चायना ग्रासच्या वडीसारखी थुलथुलीत पारदर्शक वडी. तिच्या एका कडेला तांदळाच्या दाण्याएवढ्या खाचा. एका खाचेत एका रोपाचा डीएनए पिपेटनं अलगद सोडायचा. शेवटी दिव्याखाली आई आणि बाप, दोघांच्याही पट्ट्या दिसल्या तर बी अस्सल संकरित. एकच दिसली तर भेसळ.

माझा घोटाळा त्या खाचांपाशी. पिपेट धरली की हात असा थरथरतो, जसा काही चालू ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवलाय. टोक खाचेच्या बुडातून आरपार, आणि याचा डीएनए त्याच्यात. त्या आठवड्यात दोन जेलं वाया घालवली. मॅडम, म्हणजे आमच्या लॅबप्रमुख, म्हणाल्या, "इंगोले, उद्याचं बिघडलं तर परवापासून येऊ नको." आणि माझं लग्न ठरलं होतं ते 'लॅबमध्ये आहे' एवढ्याच दोन शब्दांवर.

तर तो उद्या. मे महिना, दुपारचे अडीच. ऊन असं की सावलीसुद्धा आडोसा शोधत होती. टेबलावर जेल तयार, चोवीस नमुने रांगेत. फक्त लॅडर कोल्ड रूममध्ये होती. लॅडर म्हणजे ठरलेल्या मापांचा डीएनए. मोजपट्टी म्हणून पहिल्या खाचेत घालतात. लॅबमध्ये तिची एकच कुपी उरली होती, सील न फोडलेली. मोबाईल टेबलावर ठेवून आत गेलो, कुपी उचलली. मागं दार आपोआप लागलं. आतली मूठ फिरवली, तर ती उपटून माझ्या हातात आली.

चार डिग्री. अंगात पातळ पांढरा कोट. कंप्रेसर असा घरघरत होता की माझं ओरडणं मलाच ऐकू येईना. मग दारावर लाथा घातल्या. एकदा शकीलभाईंनी वळून दाराकडे पाहिलं. वाटलं, सुटलो. पण त्यांनी समोरच्याला काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं, मान डोलावली... आणि पुन्हा बशीत चहा ओतला.

त्यानंतर लाथ मारायचा धीर झाला नाही. बियाण्याच्या पोत्यांवरचं बारदान अंगाला गुंडाळून त्यांच्यातच घुसून बसलो. बाहेर नोकरी वितळत होती, आत मी गोठत होतो. दीड तास. घरी सांगताना तीन होतात.

दार उघडलं ते शकीलभाईंनीच. कसलीशी बाटली न्यायला आले होते. मला पाहून त्यांचा हात दारावरच राहिला.

"तू कायले इथं बसला बे? आत्ता तर पाणी प्यायले बाहेर गेला."

"मी दीड तासापासून अंदरच हाव."

"मजाक नको करू, गजू. माह्यासमोर जेल भरलं तू, विजेवर लावलं, माह्यासंग चहा बी घेतला. मी बोललो बी, आज हात नाही हालून राह्यला तुहा."

"मी दरवाजा वाजवत होतो, तो तुमी ऐकला नाही?"

"ऐकला ना. तुलेच विचारलं, अंदर काय वाजून राह्यलं. तू बोलला, कंप्रेसर हाय."

जेल दिव्याखाली ठेवलं. चोवीसही नमुने स्वच्छ, पट्ट्या आखून काढल्यासारख्या. पहिल्या खाचेत लॅडर, पायरी न् पायरी मोजून घ्यावी अशी. आणि लॅडरची एकुलती एक कुपी माझ्या मुठीत, सील तसंच.

तुम्ही म्हणाल, शकीलभाईंनीच भरलं असेल. त्यांना जवळचं दिसत नाही; पानं चिरडणं त्यांचं काम, पिपेट त्यांनी जन्मात धरलेली नाही. कॅमेरा आहे, पण तो कित्येक महिने गेटावरच्या कुत्र्याकडेच बघतोय. थंडीनं मला भास झाला म्हणा... पण माझ्या भासानं शकीलभाईंसोबत चहा कसा घेतला? तुमच्यापैकी कोणाला उत्तर सापडलं तर कळवा, मी येऊन पाय धरीन.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर त्या जेलचा फोटो होता, खाली माझं नाव. गप्प राहिलो असतो तर नोकरी पक्की होती. पण ते नाव वाचलं आणि मी सगळं सांगून टाकलं — मूठ, बारदान, कुपी, सगळं. मॅडमनी फोटोवरून मान वर केली नाही.

"म्हणजे हे तू नाही केलंस?"

"नाही मॅडम."

"मग ज्यानं केलं, त्यालाच उद्यापासून पाठव."