चावडीसमोरून येझदी

आधीच सांगते, मी कोकणातली. वेंगुर्ल्याची. माझ्यासमोर कुणी कोकणाला नावं ठेवली तर मी भांडते, आणि भांडायला मला फार वेळ लागत नाही. तरीसुद्धा मोटरसायकलवरून पाहिलेला सगळ्यात देखणा रस्ता कुठला असं कुणी विचारलं, तर मी माण तालुक्यातल्या एका गावातला धुळकट रस्ता सांगते. वस्तीपासून एसटीच्या थांब्यापर्यंतचा, धड दोन फर्लांगही नसेल. त्या रस्त्यावर एक चावडी आहे, एक पिठाची गिरणी आहे आणि कडेला उकिरडे आहेत. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. तो रस्ता मला कमल खरातने दाखवला.

कमल जोगेश्वरीला आमच्या चाळीत समोरच्या खोलीत राहायची. अंधेरीला एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायच्या कामावर होती. उंची बेताची, आवाज खणखणीत, आणि नळावर कुणी मध्ये घुसलं की त्या आवाजाचा पुरेपूर उपयोग करायची. तिचा नवरा कुंडलिक आणि माझा नवरा दशरथ एकाच कारखान्यात फिटर. नवऱ्याचं नाव घेऊन लिहितेय, कुणाला खटकलं तर खटकू दे. तिसरा शिवदास, त्याच कारखान्यातला, बिनलग्नाचा आणि बुलेटवाला. दर वर्षी नाताळच्या सुट्टीत हे तिघे मोटरसायकली काढून लांब कुठेतरी जायचे आणि आम्ही दोघी मागे बसायचो.

मागे म्हणजे कशा, तर साडी नेसून, दोन्ही पाय डावीकडे सोडून. गोव्याच्या रस्त्याने जाताना मला नुसते डोंगर दिसायचे आणि येताना नुसती समुद्राकडची बाजू. कशेडीचा घाट मी अर्धा अर्धा करून पाहिलाय. पुढे बसलेला तर तेवढंही बघत नाही, त्याचा जीव खड्ड्यांत अडकलेला. पण कुठला मुलूख सुंदर, कुठला रस्ता झकास, हे ठरवायचा मान त्याचाच. शिवदासने तसा नियमच करून ठेवला होता. हँडल ज्याच्या हातात, मत त्याचं. एका गाडीला एक मत, मागच्या बाईला शून्य.

हे ठरायचं नोव्हेंबरात, मनोरीला. एखाद्या रविवारी मार्व्याहून गाड्या होडीत चढवायच्या, पलीकडे सुरूच्या झाडांखाली बसायचं, मासे तळून घ्यायचे आणि पुरुषांनी मुलखांची भांडणं करायची. दशरथ कोकणाच्या बाजूने आवाज चढवायचा. शिवदासला कधी नाशिककडचा कसारा घाट हवा असायचा, कधी साताऱ्याकडचा रस्ता. उरलं कुंडलिकचं मत, आणि ते दर वर्षी कोकणाला. मूळचा सातारा जिल्ह्यातला हा माणूस म्हणायचा, "आमच्याकडे काय आहे? दगड." मला वाटायचं, बिचारा आमचं मन राखतोय. कमल तेव्हा एक शब्द बोलायची नाही. नळावर गरजणारी बाई तिथेच गप्प का होते, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण तळलेल्या बोंबलापुढे तो पडला नाही.

शहाऐंशी साली पावसाळा संपल्यावर कमलने कुंडलिकची येझदी मोटरसायकल शिकायला घेतली. कुंडलिकनेच शिकवली, आरे कॉलनीतल्या चढ-उतारांवर, रविवारी सकाळी. त्याला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, कंटाळेल. येझदीची किक आणि गिअर एकाच दांडीत असतात. किक मारून ती दांडी परत खाली दाबायची आणि तिनेच गिअर टाकायचे. पहिल्या रविवारी कमलच्या नडगीवर दांडी अशी बसली की पाय काळानिळा झाला. दुसऱ्या रविवारी ती तबेल्याच्या कुंपणात घुसली. तिसऱ्या रविवारी नडगीला फडकं बांधून पुन्हा हजर. मी कडेला उभी राहून बघत होते आणि मला तिचा हेवा वाटत होता, अगदी खरं सांगते.

चाळीत बोंब झाली. सोनूबाई तळमजल्यावरची, सगळ्यांच्या सुनांची काळजी वाहणारी. ती म्हणाली, "कमल, बाईच्या जातीला शोभतं का गं हे?"

कमल म्हणाली, "सोनूबाई, मागं बसलेलं शोभत होतं ना? मी फक्त जरा पुढं सरकले."

त्या नोव्हेंबरात मार्व्याच्या धक्क्यावर येझदी आली ती कमल चालवत. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, आणि मागे कुंडलिक, चेहरा असा की कुणीतरी त्याला उचलून आणलंय. होडीवाला वाकून बघायला लागला. दशरथ माझ्या कानात पुटपुटला, "वाट लागली ह्याची."

मनोरीला बसलो. दशरथने सुरू केलं, "यंदा कोकण. मालवणपर्यंत."

"एक मिनिट," कमल म्हणाली. "शिवदासभाऊ, नियम काय तुमचा?"

"कसला नियम?"

"हँडल ज्याच्या हातात, मत त्याचं. येझदी आज मी आणली. म्हणजे येझदीचं मत माझं. माझं मत आहे, साताऱ्याच्या पुढं, दहिवडीकडं जायचं."

शिवदासने कुंडलिककडे पाहिलं. कुंडलिक वाळूकडे पाहत होता.

दशरथ उसळला. "काय आसा काय थंय? झाड नाय, पाणी नाय! आमच्या कोकणासारखो रस्तो तुका खंय गावतलो?"

"तुमच्या कोकणात रस्ता दिसतोच कुठं, भावजी?" कमल म्हणाली. "दर वळणावर पुढचं झाड दिसतं. सुंदर आहे, नाही कोण म्हणतंय? पण आमच्याकडं पुढचं गाव लांबूनच दिसतं. डिसेंबरात ज्वारी कमरेच्या वर आलेली असते. गाडी सरळ सोडली की अंगावर वारं येतं आणि वर नुसतं आभाळ. माणसाला एवढं मोठं आभाळ मुंबईत बघायला मिळत नाही."

"ते ठीक आहे, वहिनी," शिवदास म्हणाला. "पण एवढं काय अडलंय तिथे?"

"कमल, गप बस," कुंडलिक म्हणाला.

ती गप्प बसली नाही. माझ्या माहेरच्या गावात एक चाल आहे, ती म्हणाली. आमच्या वस्तीतल्या माणसाने चावडीसमोरून जाताना सायकलवरून उतरायचं. सायकल हातात धरून चालत जायचं आणि चावडी मागे पडली की पुन्हा बसायचं. माझे वडील, आबा, जन्मभर रस्त्याच्या कामावर होते. गावातल्या त्या रस्त्याची खडी त्यांनी पसरली, डांबर त्यांनी ओतलं, आणि त्याच रस्त्यावर ते अजून उतरतात. बौद्ध होऊन तीस वर्षं झाली, तरी उतरतात. लग्नानंतर हे नवी येझदी घेऊन पहिल्यांदा गावी गेले आणि चावडीसमोर उतरून गाडी ढकलत नेली. मी मागून चालत होते. त्यानंतर हे परत त्या रस्त्याला गेले नाहीत. दगड आहेत म्हणतात. "मला आबांना मागं बसवून तिथून गाडी न्यायची आहे," ती म्हणाली. "न उतरता."

मग कुंडलिक म्हणाला, "आपण सुटलो ना तिथून? बास झालं की. राहायचं आबांना आहे तिथं. आपण दोन मिनिटं गाडी उडवून येऊ, मागं त्यांना कोण बघणार?"

हा प्रश्न खोटा नव्हता. कमलचे डोळे भरले. पण तिने मान हलवली. "आबांना विचारलंय मी, दिवाळीत. ते म्हणाले, तू चालवशील तर बसतो."

दशरथ पुटपुटला, आमच्या कोकणात असलं काही नसतं बाबा. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "नसतं? तुमच्या घरच्या विहिरीवर कोण पाणी भरतं आणि कोण लांब उभं राहून वाट बघतं, ते सांगू का सगळ्यांना?" त्यानंतर त्याने मालवणचं नाव काढलं नाही. शिवदासने हात वर केला आणि म्हणाला, "सातारा." दोन मतं झाली, आणि दशरथनेही मग उगाच घसा खाकरून हात वर केला.

डिसेंबरात निघालो. मी कमलचा एक पंजाबी ड्रेस मागून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन्हीकडे पाय टाकून बसले. खंबाटकीचा घाट मला अख्खा दिसला, डावा आणि उजवा. पुसेगाव सोडल्यावर झाडं विरळ झाली आणि कमल म्हणाली होती तसं आभाळ उघडलं. कोकणाशी तुलना करायची तर करते. कोकण कुशीत घेतं. हा मुलूख कुणालाच कुशीत घेत नाही, पण काही लपवतही नाही. मला तो आवडला, आणि हे दशरथला सांगितलं तर तो पुसेगावलाच मला उतरवेल म्हणून मी गप्प राहिले.

आबा वस्तीत दाराशीच उभे होते. काटकुळे, पांढरं धोतर, नवी टोपी. भाऊराव त्यांचं नाव. कमलने त्यांना मागे बसवलं. कुंडलिक शिवदासच्या बुलेटवर मागे बसला, आम्ही शेवटी. वस्तीतली माणसं दारांतून बघत होती, पण कुणी पाठोपाठ आलं नाही.

चावडीच्या कट्ट्यावर सात-आठ जण ऊन खात बसले होते. कमलने वेग वाढवला नाही, उलट कमी केला. माझ्या पुढच्या बुलेटवर कुंडलिकचा एक पाय सवयीने खाली यायला लागला होता. शिवदासने मागे हात नेऊन त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि तो पाय तिथेच धरून ठेवला.

कट्ट्यावरचा एक मिशीवाला म्हातारा उठला. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त झोंबलं. नेहमीची गोष्ट आठवण करून द्यावी तसा म्हणाला, "भाऊराव, उतरा की जरा."

आणि कमलने गाडी थांबवली. बरोबर त्याच्या समोर, इंजिन चालू ठेवून. मला वाटलं, घाबरली.

आबा मागच्या सीटवर ताठ बसले होते. ते म्हणाले, "पाटील, गाडी माझी न्हाई. लेकीची हाय. तिला सांगा."

कमलने मान वळवली आणि त्या माणसाकडे पाहिलं. "काय काका? सांगा ना."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मागे बुलेट घुमत होती, तिच्यामागे आमची गाडी. कट्ट्यावरचा कुणीच हलला नाही. त्याने मिशीवरून हात फिरवला. शेवटी म्हणाला, "ॲव्हरेज किती देती?"

"बरं देती," कमल म्हणाली आणि गिअर टाकला.

चावडी मागे पडली, गिरणी मागे पडली. कुंडलिकने बुलेटवर बसल्या बसल्या बाहीने तोंड पुसलं, आणि तो घाम नव्हता. थांब्याशी कमलने वेग कमी केला. ठरलं तेवढंच होतं, थांब्यापर्यंत. तिने विचारलं, "आबा, उतरायचं का?"

"का म्हणून?" आबा म्हणाले. "आता मला वाटंल तवा उतरीन."

ते पुढच्या गावापर्यंत उतरले नाहीत. तिथे हॉटेल दिसल्यावर त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं, गाडी थांबली, आणि टोपी नीट करून ते चहा प्यायला उतरले.