शंकरपाळ्यांसारखं

लाटलेल्या पोळीवर कातणं फिरवत मी शंकरपाळे कापत होते. तेवढ्यात माझी सातवीतली मुक्ता पुस्तक घेऊन ओट्यापाशी आली. इंग्रजी शाळेत जायला लागल्यापासून ती मला अभ्यासातलं फारसं विचारत नसे. मी मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे जरा धास्तावलेच.

"आई, ऱ्हॉम्बिकली म्हणजे काय गं? फरश्या ऱ्हॉम्बिकली बसवल्या होत्या, असं लिहिलंय."

हा शब्द मी कधी ऐकलाही नव्हता. "कोशात काय दिलंय?"

"समभुज चौकोनाकृती पद्धतीने."

"म्हणजे अशा," मी पोळीवर तिरप्या रेघा ओढत म्हणाले. "शंकरपाळ्यांसारख्या बसवल्या होत्या."

ती वाकून बघत राहिली. मग हसली.

आकाराला नाव सगळ्याच भाषा देतात. माझ्या भाषेने तो तळून डब्यात भरून ठेवलाय, आणि लहानथोर सगळे तो मूठमूठ खातात. ज्या शब्दाला मी घाबरले, त्याचा अर्थ माझ्या हाताखालीच होता. मला फार अभिमान वाटला, भाषेचा आणि थोडा स्वतःचाही.

मुक्ताने स्टूल ओढलं, माझ्याशेजारी बसली आणि पान उलटून म्हणाली, "आता हे सांग."